शेवटचं पान

नियमांच्या पुस्तकाचं शेवटचं पान
आम्ही दोन वर्षं वाचलंच नव्हतं.
झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग, ते पान सुटून आलेलं,
त्यावर चिवड्याची बशी ठेवायचो.

शनिवारी रात्री, सातपूरला,
इरफान पिंजारीच्या गादीच्या दुकानावरची खोली.
वीस बाजूंचा फासा परातीत टाकायचा,
कारण गादीवर तो धड पडत नाही,
कापसात रुतून बसतो कडेवर, आणि मग भांडणं.

गोष्ट मी चालवायचो.
गुहा. गुहेत राक्षस. राक्षसामागे पेटी. पेटीत सोनं.
पुढच्या शनिवारी, गुहा.
हेमलता बोरस्ते एकदा म्हणाली,
"निरगुडे, तुझ्या राक्षसांना सुट्टी दे रे,
बिचारे दोन वर्षं एकाच शिफ्टला आहेत."

तिनेच ते पान उचललं, शेव झटकली.
वर लिहिलेलं, प्रेरणेसाठी वाचावे.
खाली सत्तावीस पुस्तकं, लेखक सगळे परमुलखातले,
बहुतेक वारलेले.
मी म्हटलं, आता अभ्यासक्रम पण आहे का याला?
"अभ्यासक्रम कसला," ती म्हणाली,
"चोर सांगतोय, मी कुठल्या कुठल्या घरांत शिरलो ते.
पत्त्यांसकट."

सोमवारी ड्यूटी सुटल्यावर, नर्सच्या युनिफॉर्मवरच,
ती यादी घेऊन वाचनालयात गेली.
काउंटरवर दोंदेकाका, चष्मा कपाळावर.
सत्तावीसपैकी एकही नव्हतं.
पण कागद परत देताना त्यांचा हात थांबला.
"यातलं नेमकं काय हवंय तुम्हाला?
बोटी? विहिरी? की नुसती भीती?"
आणि उत्तराची वाट न बघता शिडी लावली.

मिळालं ते असं:
विहिरी खोदणाऱ्या एकाचं आत्मवृत्त, पहिली बारा पानं गायब.
सापांवरचं एक, चित्रं हाताने रंगवलेली,
नागाच्या पोटावर कुणा पोराने शाईने मिशा काढलेल्या.
आणि गोदावरीच्या कुठल्याशा पुराचे पंचनामे, एकत्र शिवलेले,
कुणाची किती भांडी गेली त्याची नोंद.

त्या शनिवारी गुहा नव्हती.
विहीर होती. दोर हातांनी मोजत उतरायची,
कारण वरून वाटते त्याहून ती नेहमी चार हात खोल असते.
तळाशी राक्षस नाही.
एक बाई, आणि वाहून आलेल्या भांड्यांचा ढीग,
एकेकावर नाव घातलेलं.
"ज्याचं त्याला पोचवायचंय," ती म्हणाली. "घेता काम?"
फासा परातीत वाजला,
किती पडले कुणी बघितलंच नाही.
देवळालीकडून सरावाच्या तोफांचा आवाज येत होता,
तोही आम्ही गोष्टीत घेतला.

इरफान बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, "पिंजाऱ्याचं काही आहे त्यात?"
मी पंचनामे उलटले. सत्तेचाळीसावं पान.
पिंजण एक, तार तुटलेली.
खाली दुकानात रात्रीचं मशीन बंद होतं.
"ते मी पोचवतो," तो म्हणाला.

यादीतलं सातवं पुस्तक पुढे आलंसुद्धा, कुरियरने.
पाल्हाळ. मी दोनदा झोपलो.
पण एकशे चौदाव्या पानावर एक पूल होता
आणि त्याचा टोल म्हणजे स्वतःचं नाव.
तेवढ्या एका ओळीचे चारशे तीस रुपये.
वसूल, असं सगळ्यांचं मत पडलं.
पूल आता आमच्याकडे आहे. जरा उत्तरेला सरकवलाय.

माझ्याही वहीच्या शेवटी हल्ली एक पान असतं.
दोंदेकाकांची तीन पुस्तकं. सातवं, कंसात फक्त पान ११४.
त्याखाली जे पुस्तक नाही तेही:
धरणातून पाणी सोडतानाचा भोंगा,
हेमलताने सांगितलेली वॉर्डातली पहाटेची साडेतीनची वेळ.

परवा नवा पोरगा आला खेळायला, शौनक,
त्याने नेमकी त्याच पानावर बशी ठेवली.
मी काही बोललो नाही.
कागदाला तेल लागलं
की त्यातून पलीकडचं दिसायला लागतं.