चॅनल अकरा

बावीस वर्षं मी त्याचा आवाज बोटांवर झेललाय.
मी म्हणजे मागे, काळोखात, मिक्सरपाशी बसणारा.
गाणं रंगलं तर प्रभूचा महिमा,
माइकने शिट्टी मारली तर माझं नाव.

कॉर्बिन स्ट्राउड. ओक्लाहोमात तेलविहिरींचे पंप
दुरुस्त करणाऱ्याचा धाकटा.
पहिली गिटार गहाणवटीच्या दुकानातली.
तिच्या पोटात कुणीतरी खिळ्याने कोरलेलं: डोना, परत ये.
तो म्हणायचा, माझी सगळी गाणी
या एका वाक्यावर बसवलीत,
फक्त नाव बदललं.

चर्च तेव्हा बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानात भरायचं.
भिंतीवर भावफलक तसाच, चौरस फुटाचा.
पाळक त्याच्याखाली उभा राहून सांगायचा,
कृपा फुकट आहे.

चौथ्या वर्षी एक गाणं रेडिओवर गेलं.
मग बस. बारा बंक, एक कॉफीचं यंत्र,
प्रार्थना सव्वापाचला, साउंडचेक साडेपाचला.
मग धूर, मग पडद्यावर उलटं घड्याळ:
देवासमोर हजर व्हायला
चार मिनिटं दहा सेकंद.
कानात क्लिक, टक टक टक टक,
पवित्र आत्म्याने यावं तर बहात्तरच्या लयीत यावं
आणि शेवटच्या कडव्याला एक सूर वर चढावं.
मी हसायचो. तो नाही हसायचा.
तिमाहीचा चेक आला की पाकीट
दोन दिवस फ्रीजवर, न उघडता.
मार्लिस म्हणायची, छप्पर गळतंय रे, उघड ते.

फेब्रुवारीत त्याचा भाऊ वेंडल.
गोठलेला रस्ता, पाण्याचा टँकर.
अकरा दिवस आयसीयू.
कुठल्या कुठल्या देशांतल्या मंडळ्या
त्याचंच गाणं म्हणून वेंडलसाठी गुडघे टेकत होत्या.
बाराव्या दिवशी वेंडल गेला.
आणि रविवार आला.
रविवारला कुणी काही सांगितलेलं नसतं.

तो उभा राहिला. गिटार वाजली. ओठ हलले.
चॅनल अकराचा हिरवा दिवा लागला नाही.
मी केबल पाहिली, बॅटरी पाहिली,
मग हेडफोनवर त्याला एकट्याला ऐकलं:
श्वास. नुसता श्वास,
आणि नाकाने आत ओढलेलं पाणी.
समोर सातशे माणसं डोळे मिटून गात होती.
कुणालाच कळलं नाही.
हे त्यांच्या श्रद्धेचं कौतुक की माझ्या कारागिरीचं,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी क्लिक तोडला
(ड्रमर तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही)
आणि छताला टांगलेले दोन माइक
त्याच्या कानात उघडले, पूर्ण:
सूर सुटलेले म्हातारे, खोकला, किरकिरणारं मूल,
दुसरी ओळ दर वेळी सगळ्यांच्या आधी पकडणारी
ती कोण बाई, ती.
तो थबकला. मान वर करून
थेट माझ्या काळोखाकडे बघितलं.
दिवा तेव्हाही लागला नाही.
पण तो पायरीवर खाली बसला,
दमलेला माणूस बसतो तसा,
आणि ते गात राहिले.

आता बस विकली. गळ्यातली गाठ दोनदा काढली.
गुरुवारी दुपारी तो वृद्धाश्रमात वाजवतो, मीही जातो.
माइक नाही, वायर नाही. मी खुर्च्या लावतो.
परवा ओपल टेनंट, वय चौऱ्याण्णव,
मध्येच भलतंच स्तोत्र म्हणू लागली, भलत्याच पट्टीत.
त्याने आपलं गाणं सोडलं, कॅपो काढला,
तिचा सूर चाचपत राहिला.
तो दोन पडद्यांच्या मधे कुठेतरी होता,
जिथे गिटारला जागाच नसते.
मग त्याने एकेक खुंटी पिळली,
अख्खी गिटार तिच्यापर्यंत खाली उतरवली,
आणि घोगऱ्या, उरलेल्या आवाजात
तिच्या मागे मागे निघाला.

माझी बोटं मांडीवर
नसलेला फेडर
हळूच वर सरकवत होती.
तिचा.