ते

मोरेवाडीच्या माळावर, चित्रनगरीत,
भर दुपारी बाराला मी रात्र केली.
तेहतीस वर्षं हेच करतोय :
काळी कापडं ताणायची, निळा कागद लावायचा,
एक दिवा भुईवर ठेवायचा, तोंड वर करून,
म्हणजे माणसाची सावली माणसापेक्षा थोर होते.
ह्याच दिव्यानं पूर्वी राक्षस उभे केले.
पोरं आयांच्या पदरात शिरायची
आणि तिकिटाचे पैसे वसूल व्हायचे.

ह्या खेपेला तीस सेकंदांचंच काम.
घरात एकटी बाई. ती मिरजेची, नर्सिंगला शिकणारी,
दिवसाचे बाराशे, जेवण वेगळं.
दारावर सावली. ती यल्लाप्पाची.
चहा घेऊन आला होता, म्हटलं, तिथंच थांब जरा.
हातात किटली तशीच.
दिवा दोन बोटं खाली घेतला,
किटलीची चोच लांबली, आणखी लांबली,
आणि तिचं जे काय झालं
ते बघून डायरेक्टर म्हणाला, दादा, हेच ठेवू.
चहा गार झाला, पुन्हा तापवला, सगळ्यांनी प्याला.

आवाज मागाहून चिकटवला :
ते येतील. दार लावलंय ना?
मग निशाणी, मग हसरे साहेब.

ते म्हणजे कोण, हे कागदावर कुठंच नव्हतं.
मी विचारलंसुद्धा.
तो म्हणाला, ती जागा रिकामी सोडायची असते,
लोक आपापल्या घरून भरून आणतात.

आणली.
बातम्यांच्या मधे, कुस्तीच्या मधे,
मालिकेतली सून दुधात काहीतरी कालवणार तेवढ्यात,
एका दिवसात सोळा वेळा मोजली मी ती किटली.
गुजरीतल्या पोतदारांनी शटरमागं दुसरं शटर बसवलं.
उद्यमनगरात फौंड्रीच्या फाटकावर
काल एका ताटात जेवलेल्या बिहारच्या पोरांना
आज आधारकार्ड मागायला लागले.
मुल्लाणी चाचांनी दुकान आठालाच बंद केलं.
जाहिरात बघून तेही घाबरले होते.
त्यांचे ते निराळे.

आमच्या घरात हा शब्द जुना.
आक्काताईनं माझं नाव एकदाच घेतलं, उखाण्यात,
तेही बायकांनी वाट अडवली म्हणून.
त्यानंतर दूधवाला येऊ दे, वसुलीवाला येऊ दे,
उंबऱ्यातनं सांगायची : बसा की, ते येतील आता.
दार नुसतं पुढं केलेलं. कडी कधीच नाही.
शूटिंग लांबलं, दोन वाजले, तीन वाजले,
मी गुडघ्यानं दार ढकलायचा,
आत झाकलेली भाकरी, तांब्याभर पाणी,
आणि झोपेतच तिचा आवाज : आलासा?

मतदानाला चार दिवस राहिले होते.
कळंब्याला एका लग्नाची लाइटिंग उतरवून
टेम्पोनं गल्लीत यायला एक वाजला.
दार ढकललं. हललं नाही.
पुन्हा ढकललं, तर आत काहीतरी घरंगळलं,
बहुतेक पाण्याचा हंडा, दाराला टेकवलेला.
टेम्पोचे दिवे पाठीमागं चालूच.
दारावर माझी सावली, थेट कौलांपर्यंत,
खांद्यावर वायरचं भेंडोळं, हातात स्टँडची नळी.
मी सवयीनं, कामाच्या डोळ्यानं बघितली.
चांगली पडली होती.

आतनं बारीक आवाज : कोण हाय?

मी, म्हणणार होतो.
पण मी तर कुणीपण म्हणतं.
नाव सांगावं, तर ते ह्या घरात कुणी वापरलेलं नाही.
आणि तिचा तो शब्द, ज्यावर मी तेहतीस वर्षं घरी आलो,
तो माझ्या दातांच्या मागं येऊन थांबला
आणि बाहेर काढायचं माझं धाडस होईना.

टेम्पोवाल्यानं हॉर्नवर हात नेला.
नको, म्हटलं.
आधी लाइट घालव, बाबा. आधी लाइट.