अंदाजे

बावीस वर्षं मी लोकांच्या भिंतींवरचे आकडे वाचले.
वणा नदीच्या काठची सोळा गावं, सायकलवर,
कानाला पेन्सिल, खिशात टॉर्च.
वीस युनिट वाढले की ओळखायचो: लेक बाळंतपणाला आली.
आकडा हललाच नाही: घरदार सुरतेला.
झिल्प्यांकडे एकदा अठराचे छत्तीस निघाले.
मीटर पळते, म्हणाला पोरगा.
मीटर पळत नव्हतं. त्याचा बाप
रात्रभर दिवा लावून बसायचा, बायको गेल्यापासून.

झालेल्याचा आकडा मला यायचा.
होणाऱ्याचा कधी कुणी विचारला नव्हता.

आता सेवाग्रामचे डॉक्टर म्हणतात,
यांच्या अंगाला घाम येत नाही, खोली सव्वीसवर ठेवा.
कूलर नको, ओलीनं छाती भरते.
म्हणून हे यंत्र. उन्हाळ्यात गार, पुसात गरम,
दोन्हीकडून चालणारं.
हिंगणघाटचा दुकानदार समजावत होता:
हे गारवा बनवत नाही, काका,
आतली गरमी उचलते अन् बाहेर नेऊन टाकते, हमालावानी.
एका युनिटाची मजुरी, तीन युनिटांचं ओझं.
मला हा हमाल आवडला.

कॅलेंडरच्या पाठीवर मांडून बसलो.
फ्रिज, रोजचा एक.
दोन पंखे. दिवे, टीव्ही.
टुल्लू अर्धा तास, म्हणजे नळ आला तर.
यंत्र: नऊशे वॅट, गुणिले दहा तास,
गुणिले पॉइंट सहा, कारण ते मधे मधे दम खातं.
एकशे बासष्ट.
नवतप्याचे नऊ दिवस वेगळे धरले,
तेव्हा कोण दम खातो? आणखी बत्तीस.
लाइन जाईल, त्याचे वजा. किती जाईल?
इथे पेन्सिल थांबली, मग दहा लिहिले, देवाच्या नावानं.
दोनशे शहाऐंशी.
तीनशेच्या आत. तीनशेनंतर दर चढतो,
हे सोळा गावांना मीच सांगत फिरायचो.

ओझं कुठे पडतं, ते कागदावर नव्हतं.
ते गिरजाबाईच्या बोळीत पडत होतं.
मी माफी मागायला गेलो, तर तिनं
यंत्राच्या तोंडासमोर बाज टाकलेली,
बाजेवर जुनं लुगडं, लुगड्यावर कुरडया.
'राहू द्या नं भाऊजी तुमच्या घरची गरमी,
तीन दिवसाचं काम दीड दिवसात होऊन राह्यलं.'
तिचं कुत्रं मात्र बोळ सोडून
ग्रामपंचायतीच्या टाकीखाली राहायला गेलं.

बिल आलं. आताचा पोरगा मोबाईलनं फोटो काढतो,
भिंतीकडे बघतही नाही.
दोनशे एकवीस.
पासष्ट कमी. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता.

मृग लागला होता, आभाळात ढग नव्हता.
एक वाजता रीडिंग घेतलं,
बाजारात जातो म्हणून निघालो,
पारावर बसलो. चारला परत घेतलं.
फ्रिज-पंख्यापुरता आकडा सरकला होता.
आत पार्बता, दार लोटून,
डोक्यावर ओला पंचा, कानशिलं तांबडीलाल.
'डोळा लागला व्हता. कधी बंद झालं, मले काय माहीत.'
रिमोट तिच्या मांडीखाली.

मी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, उलटं केलं,
सगळ्यांच्या खाली एक ओळ वाढवली:
पार्बता, दुपारी एक ते चार, उणे पासष्ट.
कागद तिच्यापुढे ठेवला. वर खोडरबर ठेवलं.

तिनं चष्मा लावला. बोट फिरवत
वरून खालपर्यंत वाचलं, मग पुन्हा वरून.
खोडरबर उचललं, हातात धरून राहिली.
'फ्रिजचं,' म्हणाली, 'जरा जास्तच धरलं तुम्ही.'