मरळीचा बाप

आमच्या मामा तलावाचं पाणी दुधाच्या चहासारखं,
हात घातला की कोपराशी संपतो.
पुण्याहून आलेल्या तिघांनी चार दिवस
त्यात कॅमेरा बुडवून पाहिला
आणि चार दिवस त्यांना चहाच दिसला.

पाचव्या दिवशी शाळेच्या मागे
काचेची टाकी उभी राहिली, दहा फूट बाय चार.
बोअरचं पाणी. तळाशी चाळलेली रेती.
देवधानाची ताटं मी स्वतः रोवली,
शिंगाड्याचे वेल, एक कुजकी फांदी,
आणि ती तरंगू नये म्हणून
पडक्या मुतारीची एक वीट.

मरळ आणली शकुनकाकू वलथरेनं.
पिलांवर असलेली मरळ ढिवर धरत नाहीत,
लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात
सासूनं तिला सांगितलेलं.
बाराशे देऊ, म्हणाले ते.
काकू छातीइतक्या पाण्यात गेली, डोळे मिटले,
आणि गादीतून हात फिरवत राहिली,
लाइट गेल्यावर काडेपेटी शोधावी तशी.
मरळ गोणपाटात. पिलं घमेल्यात,
शेंदूर सांडल्यासारखी, पण हलणारी.

"ही आई ना?" दिग्दर्शकानं विचारलं.
"बाप आहे जी. पिलं बापच राखते."
मरळ ती, पण बाप.
त्यानं वहीत लिहिलं : आई.
म्हणाला, लोकांना आईच लागते.

बाप टाकीत विटेला तोंड लावून बसला,
दीड दिवस.
मी दिवा धरला होता. दिव्यानं पाणी कोमट झालं.
पिलं पांढरी पडून वर यायची,
ती मी गाळणीनं काढायचो, दोन शॉटच्या मध्ये.

मग त्यांनी ढोकरीचा पाय केला :
सायकलची स्पोक, तिला पिवळी टेप.
पिलांमध्ये टोचला. एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा तो आला.
काच वाजली, माझ्या हातातला दिवा हलला.
"दिवा हलला. परत."
सात वेळा आला तो. दर वेळी तितकाच.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं
की हे परत आहे.

दिवाळीनंतर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फिल्म लागली.
भारदस्त आवाज म्हणाला,
रानातल्या तळ्याच्या गूढ तळाशी, एक आई...
पोरं ओरडली, "मुतारीची वीट! मुतारीची वीट!"
सगळे हसले. मीही.
काकू उठून भिंतीपाशी गेली,
तिथं हात ठेवला.
मरळ तिच्या मनगटावरून पोहत गेली.
"कोरडी आहे," ती म्हणाली, आणि मागे येऊन बसली.

खोटंच म्हणाल,
तर गरीला जिती बेडकी लावून
आम्हीही पाण्यावर नाचवतो. मरळ फसते.
पण मग ती आम्ही खातो,
आणि ती आपसूक भेटली होती
असं कुणाला सांगत नाही.

बाप आणि उरलेली पिलं मी सोडली,
होती तिथंच, मला वाटलं.
काकू म्हणते, नाही, ती वरच्या अंगाला होती,
पांजेपाशी.

"नाकावर काचेचा वण असलेली मरळ
कधी हाती लागली तर सांगशील?"
"पाण्यात नाक कोणाले दिसते, बाबू,"
काकू म्हणाली, आणि वाकली,
कोपराशी हात संपेपर्यंत.