टेपची कड

तीन महिने डोळा शांत राहू दे, मग भिंग बसवू,
धुळ्याचे डॉक्टर म्हणाले. राहिला.

पट्टी सुटली तशी दिसली
समोरच्या रसवंतीची घंटा, घुंगरासकट.
पारोळ्याला येऊन सुईत दोरा ओवला,
एका दमात. सिंधूला उठवून दाखवला.

सहाव्या आठवड्यात
टेपची कड मध्येच वाकली.
कापड सरळ, कात्री सरळ,
मी बघतो तेवढ्यालाच पोक.
'पडद्याला सूज. जुनीच आग, नव्या भिंगामागं.'
पुन्हा थेंब, तासा-तासाला.
सिंधू बाटली हलवते, मी मान मागं टाकतो,
घशात कडू उतरतं.

गिऱ्हाईक विचारतं, 'सुपडूअण्णा, दिसस का?'
'दिसस ना भो. तुनी बाही वाकडी शे.'
तो हसतो.

बोटांनी चाचपतो मी.
बाही सरळच असते.