चिलट

अमळनेरच्या मार्केट कमिटीत, जिथं एरवी कापसाचा काटा असतो,
तिथं स्टेज पडलं, सतरा लाईट, डोक्यावरून फिरणारा कॅमेरा
आणि टिकल्यांच्या घागऱ्यात इरावती.
मालिकेत ती दोन वर्षं फिकट साडीत सोसते आहे,
इथं सगळे दात दाखवून हसली.
स्वतःचं खरं नावही सांगितलं तिनं माइकवर,
कुणी ऐकलं नाही. इरावती, इरावती.

आम्हाला आधी टाळ्या वाजवायला लावल्या,
नुसत्याच, कशासाठीही नाही.
मग हसायला. मग एक पोरगा ओरडला, "आश्चर्य!"
आणि आम्ही तोंडं उघडली.
जादूगार नंतर आला. त्याचं कबूतर उडालंच नाही.

आत्याबाई तिसऱ्या रांगेत, माझ्याशेजारी,
पदराचं टोक दातात, मांडीवर शेवेची पुडी.
इरावती माहेरावर बोलत होती, पाचव्यांदा,
"अंगणातली तुळस"पाशी दर वेळी अडखळत,
तेव्हा लाईटभोवतीच्या थव्यातलं एक चिलट
सरळ सासूच्या डाव्या डोळ्यात.
मीच काढलं. काळं, तिळाएवढंही नाही.

पाडव्याला दाखवलं.
तुळस, सनई,
आणि पडदाभर आमच्या आत्याबाई,
गालावरून एकच थेंब, मुद्दाम सावकाश केलेला.

गल्ली दारात. रमणबाई, हिलालची आई, गिरणीवाला सुपडू.
"कसाले रडनी वं?"
"डोयामा चिलट गयं व्हतं."
कुणाला पटेना. चार दिवस तेच.

पाचव्या दिवशी शिरपूरहून फोन.
धाकटी बहीण. चांदीच्या पाटल्यांवरून
एकवीस वर्षं अबोला.
आमचा नंबर कुठून मिळवला, देव जाणे.
"अक्का, कसाले रडनी वं तू?"
आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी भाकरी उलटली.
"तुन्ही याद उनी," त्या म्हणाल्या.

मग उडदाचे पापड, गुडघे, नातीची दहावी,
भरताच्या वांग्यांचा भाव.
पाटल्या नाहीत.
बॅटरी संपली तेव्हा भाकरी करपली होती
आणि कुणी मला बोललं नाही.

रविवारी तोच कार्यक्रम पुन्हा लागला.
शेवटी नावं सरकली, घाईघाईनं, मुंग्यांसारखी:
वेशभूषा, मंडप, जनरेटर, चहापाणी, कबूतर सौजन्य.
मी टीव्हीला नाक लावून वाचत राहिले.
त्याचं नव्हतं.