मागंमागं

पान त्रेचाळीस : मातीचे प्रकार.
चौकटीत तीन चित्रं, छपाईत तिन्ही सारखीच तपकिरी.
मी पुस्तक मिटलं आणि तिसरीला म्हटलं,
चपला घाला.

शाळेमागून पायवाट, मग तोड झालेलं उसाचं रान,
रात्री पेटवलेल्या पाचटाचा अजून न विझलेला वास,
मग उंबर, मग भोगावती,
मार्चात अंग चोरून वाहणारी.
सत्तावीस पोरं पटावरची,
आणि शर्वरीची धाकटी बहीण, मागं लागून आलेली.

मला गाळाची माती दाखवायची होती.
तिथवर पोचलोच नाही.

म्हसोबाच्या ओट्याखाली,
जिथं पाऊससुद्धा वाकून शिरत नाही,
पिठासारखी धूळ होती आणि धुळीत खळगे,
नरसाळ्यासारखे, नेटके.
शर्वरी चौगले उकिडवी बसली ती उठेचना.
"बाई, ही कुणाची घरं?"

मला बारा वर्षं झाली शिकवताना.
उत्तर नसलं की उत्तरासारखं काहीतरी देते,
सुट्टे नसले की दुकानदार चॉकलेट टेकवतो तसं.
आज तेही हाताला लागलं नाही.
म्हटलं, मला माहीत नाही.

सगळी तोंडं माझ्याकडं वळली.
परित्याचा भोंगा झाला तरी कुणी हललं नाही.
मग मायाप्पा म्हणाला, हळूच,
माझीच समजूत काढल्यागत,
"असू दे बाई. बघूया की."

तर बघितलं.
पोटावर पडून, हनुवट्या धुळीत.
एक मुंगी काठावर आली, घसरली,
वर चढली, पुन्हा घसरली,
आणि तळातून कुणीतरी तिच्यावर धूळ उडवली,
मुठीनं, नेम धरून.
हर्षद ओरडला, "काढा तिला, काढा!"
अलफिया म्हणाली, "आणि त्यानं काय खायचं मग?"
दोघं भांडले. मी भांडण सोडवलं नाही.
मला तरी कुठं सुटलंय ते.

"मी मोजत बसलो बाई, एकोणीस हाईत."
वर्गात मी शर्वरीला इथंच अडवते :
बसलो नाही, बसले म्हण.
आज म्हटलं, परत मोज.
"वीस. आत्ताच एक झाला."

मायाप्पानं उंबराच्या पानावर धूळ घेतली,
फुंकर घालत घालत
तळहातावर उरला तो एवढासा, राखाडी,
डोक्याला चिमटा, अंगाला केसं.
हातावरून चालायला लागला
तर मागंमागं.
हात फिरवला, बोट आडवं लावलं,
तरी मागंमागंच.
पुढं जाणं त्याच्या गावीच नव्हतं.

पोरं हसली नाहीत. उठली,
आणि बांधावरून शाळेपर्यंत
सगळी तिसरी उलटी चालत आली.
दोघं पडले, एकाची चप्पल पाटात गेली.
मीही चालले थोडी, कुणी बघत नाही बघून.
रोज पाठीला असणारी नदी
आज उंबराआड जाईपर्यंत दिसत राहिली.

फळ्यावर त्याचं नाव लिहायचं होतं.
पुस्तकात असेल कुठंतरी, मी शोधीन.
तोवर चार नावं लिहिली, पोरांनी सांगितली ती :
धूळमामा, चक्कीवाला, खड्डेकर,
आणि मायाप्पाचं, मागंमागं.
मतदान घेतलं. निकाल लागला नाही,
कारण प्रत्येकानं चारदा हात वर केला.

टाचणवहीत रकाना असतो, "साध्य काय झाले".
मातीचे प्रकार, मी लिहिलं, राहिले.
पुढं पेन बराच वेळ टेकून होतं,
तिथं शाईचा ठिपका पडलाय.
केंद्रप्रमुख विचारतील.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढायला आले
तर पायरीजवळ शर्वरीची धाकटी,
पटावर नाव नसलेली.
धुळीत बोट फिरवून तिनं एक खळगा केला होता,
थोडा वाकडा,
आणि शेजारी बसून होती,
कुणी राहायला येतंय का बघत.